ऑपरेटिंग सिस्टीम शिकायचीय, पण पुस्तक कोणतं?

दहावीचा निकाल लागला की आमच्या राजोडी-नालासोपारा भागातले पालक एक प्रश्न हमखास विचारतात : "सर, पोराला कॉम्प्युटरला टाकायचंय, क्लास कुठला चांगला?" क्लासचं नाव विचारतात, फी विचारतात, सर्टिफिकेट सरकारी आहे का तेही विचारतात. पुस्तक कोणतं, हे मात्र कुणी विचारत नाही. गणिताला पुस्तक लागतं, इंग्रजीला लागतं, कुरआन शिकायला बसलेल्या चार वर्षांच्या मुलालाही आधी कायदा हातात देतात. कॉम्प्युटर तेवढा बघून बघून येतो, अशी आपली समजूत झाली आहे.

या समजुतीचा परिणाम मला रोज दिसतो. मुलं फॉर्म भरतात, रील बनवतात, आधारची प्रिंट काढतात. पण फाइल सेव्ह केली ती नेमकी कुठे गेली, हे विचारलं की गडबडतात. मशीन हळू चाललं तर 'व्हायरस आला' म्हणतात आणि दुकानदाराला पैसे देऊन 'विंडोज मारून' आणतात. त्या मारलेल्या विंडोजबरोबर कधी घरातले दहा वर्षांचे फोटोही जातात. ही मुलं हुशार आहेत. त्यांना फक्त कुणी सांगितलेलं नाही की त्या पडद्यामागे ऑपरेटिंग सिस्टीम नावाची एक व्यवस्था बसलेली आहे, तिचे नियम आहेत, आणि ते नियम वाचून समजतात.

ही व्यवस्था काय करते, हे मी मुलांना एकशिक्षकी शाळेवरून सांगतो. एकच गुरुजी, एकच खोली, चार इयत्ता. पहिलीला पाढे म्हणायला लावायचे, तेवढ्यात तिसरीला गणितं द्यायची, दुसरीचं शुद्धलेखन तपासायचं, परत पहिलीकडे यायचं. प्रत्येक इयत्तेला वाटतं, गुरुजी आपलेच. कॉम्प्युटरचा प्रोसेसर म्हणजे ते गुरुजी. आणि कोणत्या वर्गाला किती मिनिटं, कोण कुठे बसेल, कुणाची वही कोणत्या कपाटात, कुणाला कपाटाची किल्ली द्यायची आणि कुणाला नाही, हे ठरवणारं वेळापत्रक म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. आजच्या मशीनमध्ये असे चार-आठ गुरुजी असतात, पण वर्ग शेकडो, त्यामुळे वेळापत्रक सुटत नाही. मराठीत तिला कुणी 'कार्यप्रणाली' म्हणतं, कुणी 'प्रचालन प्रणाली'. उर्दूत 'इश्तगाली निज़ाम' असा शब्द घडवला गेला आहे, तो ऐकून माझे विद्यार्थी हसतात. मी शब्दासाठी भांडत नाही. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणा, पण ती काय करते ते सांगता आलं पाहिजे.

हा विषय आज काढण्याला एक तातडीचं कारणही आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. आपल्या मोहल्ल्यांतल्या अभ्यासिका, छोट्या संस्था आणि मदरशांमध्ये जे कॉम्प्युटर आहेत ते बहुतेक कुठल्या तरी ऑफिसने वापरून दिलेले, आठ-दहा वर्षांचे. त्यांतले कितीतरी या अटीत बसत नाहीत. म्हणजे चालू स्थितीतली मशीन्स भंगारात जाणार, किंवा सुरक्षेच्या दुरुस्त्यांशिवाय चालत राहणार. तिसरा मार्ग लिनक्सचा आहे. लिनक्सच्या हलक्या आवृत्त्या जुन्या मशीनवर चालतात, पैसे लागत नाहीत. पण तो मार्ग धरायचा तर कुणीतरी बसून वाचायला हवं.

आता अभ्यासक्रमांकडे बघू. महाराष्ट्रात संगणक शिक्षण म्हटलं की एमएस-सीआयटी. २००१ साली एमकेसीएल स्थापन झालं आणि त्याच्या या कोर्सने गावोगावच्या लाखो लोकांना माउस धरायला शिकवलं. तेही मराठीतून शिकायची सोय ठेवून. सरकारी नोकरीत त्याचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून ते जरूर करावं. उर्दू वाचणाऱ्यांसाठी दिल्लीच्या राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषदेचा एक वर्षाचा डिप्लोमा आहे, त्यात हिशेबाचं काम आणि बहुभाषी डीटीपी शिकवतात. दोन्ही उपयोगी आहेत. पण दोन्हींचा भर कॉम्प्युटर वापरण्यावर आहे. रिक्षा चालवता येणं आणि रिक्षाचं इंजिन समजणं यांत जेवढं अंतर, तेवढंच इथेही आहे. बारावीच्या कॉम्प्युटर सायन्समध्ये ऑपरेटिंग सिस्टीमचा धडा असतो, पण तो पाठ करून पेपरात उतरवायचा असतो. आपल्या मुलांपैकी बहुतेकांच्या वाट्याला तोही येत नाही.

केरळने हे वेगळ्या पद्धतीने केलं. तिथल्या सरकारी आणि अनुदानित शाळांमध्ये २००१ पासून आयटी@स्कूल हा उपक्रम सुरू झाला, आज त्याचं नाव काइट आहे. त्यांनी शाळांचे कॉम्प्युटर लिनक्सवर नेले, स्वतःची लिनक्स आवृत्ती तयार केली, आणि मुख्य म्हणजे त्यावरची आयसीटीची क्रमिक पुस्तकं मुलांच्या हातात दिली. मल्याळममध्ये, आणि कन्नड-तमिळ माध्यमाच्या मुलांसाठी त्या भाषांतही. सॉफ्टवेअर फुकट होतं म्हणून ते जमलं हे खरं, पण पुस्तक लिहिलं म्हणून ते टिकलं. आपल्याकडे मराठीत दुकानात सहज मिळणारी कॉम्प्युटरची पुस्तकं बहुतेक वर्ड-एक्सेलची असतात, नाहीतर परीक्षेच्या प्रश्नसंचांची. उर्दूत तर इनपेजपुढे गाडी जात नाही.

मग नवशिक्याने काय वाचावं? माझ्या अनुभवातून एक क्रम सांगतो.

पहिलं : एनसीईआरटीचं अकरावीचं कॉम्प्युटर सायन्सचं पुस्तक. संपूर्ण नको, फक्त पहिलं प्रकरण. कॉम्प्युटरचे भाग, मेमरी, सॉफ्टवेअरचे प्रकार, ऑपरेटिंग सिस्टीमची कामं, हे सगळं थोड्या पानांत, सरळ इंग्रजीत आहे. संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतं. दहावी झालेल्या मुलाला आठवडाभरात होतं.

दुसरं : विल्यम शॉट्स यांचं 'द लिनक्स कमांड लाइन'. एकच पुस्तक घ्यायचं तर हे घ्या. लेखकाने त्याची पीडीएफ स्वतःच मोफत ठेवली आहे, ती उतरवण्यात कुणाचा हक्क मारला जात नाही. नो स्टार्च प्रेसने २०१२ मध्ये ते छापलं, २०१९ मध्ये दुसरी आवृत्ती आली. पाचशेहून जास्त पानं बघून घाबरू नका. चार भाग आहेत. नवशिक्याने पहिला भाग करायचा. फाइल कुठे आहे ते बघणं, एका फोल्डरातून दुसऱ्यात जाणं, कॉपी करणं, हलवणं, पुसणं, आणि कोणती फाइल कुणी वाचायची, कुणी बदलायची, कुणी चालवायची याच्या परवानग्या. हा परवानग्यांचा भाग समजला की मुलाच्या डोक्यात उजेड पडतो. 'व्हायरस' हे सगळ्या दुखण्यांचं एकच नाव राहत नाही.

तिसरं : यशवंत कानेटकर यांचं 'युनिक्स शेल प्रोग्रॅमिंग' किंवा सुमिताभ दास यांचं 'युनिक्स : कन्सेप्ट्स अँड ॲप्लिकेशन्स'. कानेटकर आपल्या नागपूरचे, 'लेट अस सी' या पुस्तकामुळे देशभर माहीत असलेले. त्यांची शैली गप्पा मारल्यासारखी आहे, त्यामुळे इंग्रजीची धास्ती असलेल्या मुलाला ते आधी द्यावं. दास यांचं पुस्तक जाड आणि शिस्तीचं. वाचनालयात संदर्भाला ठेवण्याजोगं. दोन्ही जुनी आहेत, म्हणून कुणी नाक मुरडेल. पण युनिक्स बेल लॅब्जमध्ये १९६९ साली केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी सुरू केलं, आणि तेव्हाच्या पहिल्या काही वर्षांतल्या कितीतरी आज्ञा आज लिनक्सवर तशाच चालतात. चित्रांनी भरलेलं विंडोजचं पुस्तक पुढची आवृत्ती आली की रद्दी होतं, कारण बटणांच्या जागा बदलतात. म्हणून विंडोजचं पुस्तक घेताना आवृत्ती आणि छपाईचं वर्ष बघा. आज्ञांचं पुस्तक घेताना एवढी काळजी नको.

चौथं, सहा महिन्यांनी : ब्रायन वॉर्ड यांचं 'हाउ लिनक्स वर्क्स'. मशीन सुरू केल्यापासून पडद्यावर नाव-पासवर्ड विचारेपर्यंत आत काय काय घडतं, डिस्क कशी विभागलेली असते, नेटवर्क कसं जोडलं जातं, हे यात आहे. दुरुस्तीच्या कामात पडू इच्छिणाऱ्या मुलाने हे वाचावंच.

पाचवं, ज्याला कॉलेजात हा विषय घ्यायचा आहे त्याच्यासाठी : अच्युत गोडबोले यांचं 'ऑपरेटिंग सिस्टिम्स'. गोडबोले मराठी वाचकांना 'किमयागार', 'अर्थात' यांमुळे माहीत आहेत. पण सोलापूरच्या या माणसाने इंग्रजीत लिहिलेलं हे पाठ्यपुस्तक अनेक वर्षं इंजिनिअरिंगच्या मुलांनी वापरलं आहे, हे आपल्या मुलांना सांगायला हवं. त्यानंतर रेम्झी आणि आंद्रेया आर्पाची-दुसो या प्राध्यापक दांपत्याचं 'ऑपरेटिंग सिस्टिम्स : थ्री ईझी पीसेस'. तेही प्रकरणवार मोफत आहे, आणि मधूनमधून गुरू-शिष्याचे संवाद येतात.

सिल्बरशॅट्झ किंवा टॅनेनबॉम सुरुवातीलाच हातात देऊ नका. पुस्तकं थोर आहेत, पण मुलगा तिसऱ्या पानावर दम टाकतो आणि 'हे आपलं काम नाही' असं ठरवतो. अर्थात, पुस्तक काय करू शकतं याचा दाखला टॅनेनबॉम यांच्याच पुस्तकात आहे. १९८७ साली त्यांनी शिकवण्यासाठी मिनिक्स नावाची छोटी ऑपरेटिंग सिस्टीम लिहिली आणि तिच्यासह पुस्तक काढलं. हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने ते वाचलं, आणि १९९१ मध्ये लिनक्सची सुरुवात केली. आज प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या गाभ्यात लिनक्स आहे, आणि जगातले पहिले पाचशे महासंगणक २०१७ पासून सगळेच्या सगळे लिनक्सवर चालतात. मुलाच्या खिशात जी गोष्ट आधीच आहे ती त्याने शिकावी, एवढंच मी म्हणतो.

"सर, यूट्यूब आहे ना, पुस्तक कशाला?" हा प्रश्न येतोच. व्हिडिओला माझा विरोध नाही. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने 'स्पोकन ट्युटोरियल' हा प्रकल्प उभा राहिला. लिनक्स, लिब्रेऑफिस अशा विषयांवरचे सुमारे दहा-दहा मिनिटांचे धडे, मराठीतूनसुद्धा, मोफत. पडद्याच्या एका बाजूला धडा आणि दुसऱ्या बाजूला आपला हात, अशी त्यांची पद्धत आहे. इंग्रजी कच्चं असेल तर शॉट्सच्या प्रकरणाआधी त्याच विषयाचा हा धडा मराठीत ऐकावा. पण व्हिडिओत पुढे काय ते सांगणारा दुसरा असतो. आपण मागे चालतो. पुस्तकात अडलं की थांबावं लागतं, मागची चार पानं उलटावी लागतात, आणि ते थांबणं हेच शिकणं आहे. चॅटबॉटचंही तेच. उत्तर तो झटकन देतो, पण प्रश्न नीट विचारायला शब्द लागतात, आणि शब्द वाचनातून येतात.

भाषेची अडचण खरी आहे, ती मी झाकत नाही. उर्दू माध्यमाचा मुलगा घरी हिंदी-दखनी-कोकणी बोलतो, शाळेत उर्दू लिहितो, बाजारात मराठी बोलतो, आणि वर इंग्रजी पुस्तक. यावर मी एक साधा उपाय वापरतो. दोघांची जोडी करायची, शक्यतो एक उर्दू माध्यमाचा, एक मराठीचा. दिवसाला फक्त पाच पानं. एक वही, तीन रकाने : इंग्रजी शब्द, त्याचा मराठीत अर्थ, उर्दूत अर्थ. 'परमिशन'समोर मराठीत 'परवानगी', उर्दूत 'इजाज़त'. 'प्रोसेस'समोर 'चालू असलेलं काम'. 'डिरेक्टरी'समोर 'कप्पा' किंवा 'ख़ाना'. भाषांतर पंडिती असायची गरज नाही. शंभर शब्द झाले की पुस्तकाची भीती जाते, कारण या विषयात तेच शंभर शब्द पुन्हा पुन्हा येतात. अशा वह्या चार गावांत तयार झाल्या तर मराठी-उर्दूतलं पहिलं छोटं पुस्तक त्यांतूनच निघेल.

आता थोडं कडू. आपल्याकडच्या किती क्लासेसमध्ये आणि डीटीपीच्या दुकानांत विंडोज आणि इनपेज विकत घेतलेलं असतं? भिंतीवर इल्मचं महत्त्व सांगणारी फ्रेम, आणि खाली क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर. "एवढ्या मोठ्या कंपनीला काय फरक पडतो" हे उत्तर आपण मुलांसमोर देतो. १९८८ साली कुवेतमध्ये भरलेल्या अधिवेशनात इस्लामी फिकह अकादमीने ठराव केला की लेखनाचे, शोधाचे, व्यापारी नावाचे हक्क शरीयतच्या दृष्टीनेही जपले जाणारे हक्क आहेत. हा ठराव होऊन साडेतीन दशकं उलटली. पैसे नाहीत हे खरं असलं तरी पर्याय नाही हे खरं नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जीएनयू प्रकल्प जाहीर केला आणि १९८९ मध्ये जीपीएल परवाना आणला. हा परवाना म्हणतो : वापरा, बघा, बदला, वाटा, पण पुढच्या माणसाचा हाच हक्क हिरावून घेऊ नका. मला यात वक्फच्या विहिरीची आठवण होते. पाणी सगळ्यांनी भरायचं, विहीर कुणी आपल्या नावावर करायची नाही. ज्या समाजाला ही कल्पना शतकानुशतकं ठाऊक आहे, त्याने चोरीचं सॉफ्टवेअर वापरत बसावं, हे मला खटकतं.

लिनक्स म्हणजे सगळ्यांवरचा इलाज, असंही नाही. टॅली आणि इनपेज विंडोजवरचे आहेत. काही स्कॅनर, काही सरकारी कामांची डिजिटल सही लिनक्सवर त्रास देतात. ज्याला हिशेबाच्या नोकरीला जायचंय त्याने विंडोज आणि एक्सेल शिकावंच. त्यासाठी पहिली पायरी म्हणजे पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून बघणं. त्यात मशीनमधलं काहीच पुसलं जात नाही. नंतर बसवायचं ठरलं तर आधी सगळ्या फाइलींची प्रत दुसरीकडे काढा, मगच हात लावा. उर्दू-मराठी टायपिंगची काळजी नको. युनिकोडमुळे नस्तालीक आणि देवनागरी दोन्ही तिथे नीट चालतात.

शेवटी संस्थाचालकांसाठी. दरवर्षी आपल्याकडे गुणगौरव समारंभ होतात. शाल, ट्रॉफी, पाहुण्यांची भाषणं. भाषणात कुणीतरी हमखास सांगतं की 'अल्गोरिदम' हा शब्द अल-ख्वारिज्मीच्या नावावरून आला. बरोबर आहे, आला. बगदादच्या त्या विद्वानाने पुस्तकं वाचली आणि पुस्तकं लिहिली म्हणून त्याचं नाव राहिलं. त्याचा अभिमान सांगणाऱ्या सभेत मुलांच्या हातात एकही पुस्तक पडू नये, याला काय म्हणावं? येत्या वर्षी दहा ट्रॉफ्या कमी करा. त्या पैशांत वर सांगितलेल्यांतली छापील पुस्तकं विकत घ्या, मोफत असलेल्यांच्या पीडीएफ उतरवून छापून बांधून घ्या, आणि अभ्यासिकेच्या कपाटात ठेवा. कपाटाला कुलूप लावू नका. बाजूला ऑफिसातून आलेली दोन जुनी मशीन्स लिनक्स घालून ठेवा. आणि मुलींसाठी वेगळी वेळ नक्की राखा. दहावीनंतर क्लासला लांब जाऊ न शकणाऱ्या मुली आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि शब्दांची वही भरण्यात, पुस्तक शेवटापर्यंत नेण्यात त्या मुलांपेक्षा चिवट असतात, हे मी वर्गात पाहिलं आहे.

आपल्याकडे उतरलेला पहिला संदेशच वाचण्याचा होता. तेव्हा क्लासची चौकशी करा, फीही विचारा. पण त्यासोबत "सर, पुस्तक कोणतं?" हेही विचारायला सुरुवात करा. ज्या क्लासवाल्याला याचं उत्तर देता येत नाही, तिथे पैसे भरण्याआधी दोनदा विचार करा.